चिनी पुडी, सोनामुखी आणि रिकामी पुडी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या व्याख्यानमालेसाठी आम्ही बद्धकोष्ठतेचा विषय सुचवला तेव्हा बैठकीत क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "बोला तुम्ही. निम्म्या सभागृहाचा प्रश्न आहे, फक्त हात कोणी वर करणार नाही." त्यामुळे आम्ही हात वर करायला सांगणार नाही. लंबोदरासमोर पोटाविषयी बोलण्यात संकोच तरी कसला!

आम्ही डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. डिप्लोमा करून राज्य शासनाच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीआड उभी राहणारी आम्ही माणसे. चिठ्ठी वाचायची, गोळ्या मोजायच्या, "सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर" हे दिवसातून दोनशे वेळा सांगायचे, हे आमचे काम. मात्र डॉक्टरांच्या टेबलाशी जे बोलायचे राहून जाते ते लोक खिडकीवर बोलतात. चिठ्ठी हातात परत घेता घेता हळूच विचारतात, "भैया, पोट साफ व्हायला काही देता का? साधंसं, जडीबुटीचं. नुकसान न करणारं."

होळकरांच्या काळापासून इंदुरात राहिलेल्या आपल्या घराण्यांत या प्रश्नाला घरचे उत्तर असते. हिरडा, सोनामुखी, बडीशेप, सैंधव आणि वर त्या त्या घरचे एखादे गुपित. आजीचे चूर्ण सुनेकडे जाते, सुनेकडून नातसुनेकडे. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी शेव, रात्री सराफा, असे खाणे असलेल्या शहरात चूर्णाचा डबा रिकामा राहणे कठीणच. आता तर जाहिरातींमुळे तयार डबेही घरोघरी आहेत. हे चूर्ण खरेच गुण देते का, की आपल्याला तसे वाटते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. आजीच्या औषधाची परीक्षा घ्यायची म्हणजे आजीवर अविश्वास दाखवण्यासारखे वाटते.

आज आम्ही चीनची एक हकीकत सांगणार आहोत, ती यासाठी की तिथल्या लोकांनी आपल्या आजीच्या औषधाची अशी परीक्षा घेतली.

चिनी वैद्यकात 'मा-झी-रेन-वान' नावाचा एक पाठ आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, हान राजवटीच्या अखेरच्या काळात झांग झोंगजिंग नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांच्या 'शांग हान लुन' या ग्रंथात तो दिला आहे. त्यात सहा द्रव्ये आहेत. पहिले आणि मुख्य द्रव्य म्हणजे भांगेचे बी. हसू नका; आपण महाशिवरात्रीला घोटतो ती पाने, आणि हे बी. बियांत तेल भरपूर असते, नशा जवळजवळ नसतेच. कुमाऊँकडे याच बियांची चटणी करतात. दुसरे द्रव्य रेवंदचिनीचे मूळ. आपल्या बाजारात हे मूळ इतक्या पूर्वीपासून येते की त्याच्या नावातच चीन बसला आहे. बाकीची चार म्हणजे कडू जर्दाळूच्या बियांचा गर, पांढऱ्या पिओनीचे मूळ, कडू संत्र्याची कोवळी फळे आणि मॅग्नोलियाची साल. हे सगळे कुटून मधात गोळ्या वळायच्या.

चिनी घरांत हे औषध पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. "अठराशे वर्षे लोक घेत आहेत, आणखी काय पुरावा हवा?" असे तिथेही म्हणता आले असते. पण हाँगकाँग बाप्टिस्ट विद्यापीठातील प्राध्यापक बियान झाओशियांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले की याची चाचणी घ्यायची, आणि तीही नव्या गोळीची घेतात तितकीच कडक.

अशी चाचणी कशी घेतात हे थोडे सविस्तर सांगतो, कारण खरी मौज तिथे आहे.

पहिली अडचण मोजायचे काय ही. "पोट साफ झाले" म्हणजे नेमके काय? कोणी दिवसातून दोनदा जाऊनही कुरकुरतो, कोणी तीन दिवसांतून एकदा जाऊन खुशीत असतो. म्हणून जगभरच्या पोटविकारतज्ज्ञांनी काही निकष ठरवले आहेत. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, जोर करावा लागणे, खडा होणे, अर्धवट राहिल्यासारखे वाटणे, अशी लक्षणे काही महिने सतत असतील आणि त्यामागे दुसरा आजार सापडत नसेल, तर ती कार्यात्मक बद्धकोष्ठता. हाँगकाँगच्या चाचणीत मोजले ते असे: इतर कोणतेही रेचक न घेता, आपोआप झालेली, आणि नंतर पूर्ण मोकळे वाटलेली खेप. आपण तिला 'समाधानाची खेप' म्हणू. प्रत्येकाने रोज डायरीत नोंद करायची. पहिले दोन आठवडे चाचणीचे औषध द्यायचेच नाही, फक्त डायरी भरायची, म्हणजे मूळची स्थिती कळते. पुढे आठवड्याला समाधानाची किमान एक खेप वाढली तर त्या माणसाला गुण आला असे धरायचे. अट साधी, पण सुरू करण्याआधी ठरवलेली. निकाल बघून मग पास होण्याचे गुण ठरवायचे नाहीत.

दुसरी अडचण मात्रेची. जुन्या ग्रंथातली मापे आजच्या ग्रॅममध्ये किती? त्यांनी ९६ रुग्णांवर तीन वेगवेगळ्या मात्रा करून पाहिल्या आणि त्यांतली सर्वांत मोठी, म्हणजे दिवसातून दोनदा साडेसात ग्रॅम, ही निवडली.

तिसरी अडचण सर्वांत अवघड. औषध घेतो आहोत या भावनेनेच माणसाला बरे वाटते. डॉक्टर विचारपूस करतात, डायरी भरायला लागते, त्यामुळे पाणीही जरा जास्त प्यायले जाते, आणि दुखणे तसेही कमीजास्त होतच असते. हे सगळे औषधाच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून निम्म्या लोकांना रिकामी पुडी द्यायची. दिसायला, चवीला, वासाला तशीच, पण आत औषध नाही. कोणाला कोणती पुडी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, आणि ते रुग्णालाही माहीत नसते व देणाऱ्यालाही नसते. पांढरी गोळी असेल तर तिची नक्कल सोपी. कडू, उग्र वासाच्या वनस्पतींच्या भुकटीची नक्कल करणे किती कठीण, हे रोज औषधे हाताळणाऱ्या आमच्यासारख्यांना लगेच कळते.

आता निकाल. पहिली मोठी चाचणी २०११ साली अमेरिकेतील पोटविकारांच्या नियतकालिकात छापून आली. १२० रुग्ण, ६० जणांना औषध, ६० जणांना रिकामी पुडी. आठ आठवडे औषध आणि नंतर आठ आठवडे औषध बंद ठेवून फक्त पाहणी. औषध चालू असताना औषधाच्या गटात ६० पैकी २६ जणांना गुण आला, रिकाम्या पुडीच्या गटात ५ जणांना. औषध बंद केल्यानंतरच्या काळात हेच आकडे १८ आणि ९ असे होते.

चांगला निकाल आहे. पण अजून एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्या घरातल्या एखाद्या शंकेखोर काकांनीही विचारला असता: "रिकाम्या पुडीपेक्षा बरे, हे ठीक. पण आमच्या सोनामुखीपेक्षा बरे आहे का?" संशोधकांनी हाच प्रश्न पुढच्या चाचणीत घेतला. तिचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. या वेळी २९१ रुग्ण आणि तीन गट, प्रत्येकात ९७ जण. एका गटाला चिनी औषध, दुसऱ्याला सोनामुखी, तिसऱ्याला दोन्ही रिकामे. एक औषध भुकटी आणि दुसरे गोळी असल्यामुळे ओळखू येईल, म्हणून प्रत्येकाला भुकटीही दिली आणि गोळीही. त्यातले खरे कोणते ते गुपित.

सोनामुखी ही काही परकी नाही. तमिळनाडूतील तिरुनेलवेलीची सोनामुखी जगभर त्याच गावाच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे हाँगकाँगच्या त्या आखाड्यात एका बाजूला चिनी आजीचे औषध होते आणि दुसऱ्या बाजूला आपल्या आजीचे.

औषध चालू असलेल्या आठ आठवड्यांत चिनी औषधाने ९७ पैकी ६६ जणांना गुण आला, सोनामुखीने ५६ जणांना, आणि रिकाम्या पुडीने ३२ जणांना.

या ३२ वर जरा थांबू या. ज्यांच्या पोटात औषधाचा कणही गेला नाही, अशा दर तीन माणसांतल्या एकाला गुण आला. ते खोटे बोलत नव्हते, त्यांच्या डायरीत खेपा खरोखर वाढल्या होत्या. पण याच ३२ जणांना घेऊन उद्या कोणी जाहिरात केली, तर ३२ खरीखुरी माणसे पडद्यावर येऊन शपथेवर सांगतील की या चूर्णाने आमचे आयुष्य बदलले. म्हणून शेजारच्या वहिनींना गुण आला हे ऐकून आनंद जरूर मानावा, पण तेवढ्यावरून औषध सिद्ध होत नाही. शिवाय पहिल्या चाचणीत रिकाम्या पुडीने ६० पैकी केवळ ५ जण सुधारले होते, दुसऱ्या चाचणीत ९७ पैकी ३२. म्हणजे नुसत्या विश्वासाचा वाटा जागोजागी बदलतो. त्यामुळे तुलना नेहमी एकाच चाचणीतल्या दोन गटांची करायची. ६६ मधून ३२ वजा केले की औषधाचे स्वतःचे काम हाती येते. ६६ आणि ५६ मध्ये जो फरक आहे तो फार मोठा नाही, त्यावर कोणी फटाके उडवू नयेत.

यानंतर औषध बंद केले आणि आणखी आठ आठवडे डायऱ्या भरल्या. तेव्हा चिनी औषधाच्या गटात ४६ जणांचा गुण टिकलेला दिसला. सोनामुखीच्या गटात २० जणांचा. आणि रिकाम्या पुडीच्या गटात १७ जणांचा.

सोनामुखी घेत होते तोवर काम झाले. थांबवल्यावर ती रिकाम्या पुडीच्या जवळ येऊन बसली. आपल्या घरोघरी चूर्णाचा डबा वर्षानुवर्षे का चालतो, याचे एक कारण या दोन आकड्यांत दिसते. सोनामुखी आतड्याला ढोसते. ढोसणे थांबले की आतडे पुन्हा आपल्या गतीने चालते. आपण म्हणतो "सोडलं की पुन्हा तसंच होतं, म्हणून रोज लागतं."

गंमत अशी की चिनी औषधातल्या रेवंदचिनीतही सोनामुखीच्याच जातीची रेचक द्रव्ये असतात. मग बंद केल्यावर फरक का पडला? बाकीच्या पाच द्रव्यांचा काही वाटा असावा, असा अंदाज त्यावरून बांधता येतो. पण तो अंदाजच. कोणत्या द्रव्याने काय केले हे या चाचणीतून सिद्ध होत नाही.

आता एक स्पष्ट सूचना. हे ऐकून उद्या कोणी ऑनलाइन मा-झी-रेन-वान मागवू नये, आणि जर्दाळूच्या बिया फोडून घरी कुटायला तर अजिबात बसू नये. कडू जर्दाळूच्या गरापासून पोटात सायनाइड तयार होऊ शकते. तो शुद्ध करून, मोजून वापरावा लागतो. चाचण्या एकाच शहरात झाल्या, दुसऱ्या आजारामुळे बद्धकोष्ठता असलेले लोक त्यात घेतलेले नव्हते, आणि पहिल्या चाचणीत तर चिनी वैद्यकाप्रमाणे विशिष्ट लक्षणसमूह असलेलेच रुग्ण निवडले होते. वय ७५, मधुमेह, रक्तदाब आणि दिवसाला सात गोळ्या असे आपले काका त्यात नव्हते.

चिनी म्हणून सगळेच सुरक्षित असेही नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या एका वजन कमी करण्याच्या चिकित्सालयात चिनी वनस्पतींची औषधे दिली जात होती. 'फांग जी' नावाच्या एका मुळाच्या जागी नावात साम्य असलेले 'ग्वांग फांग जी' वापरले गेले. त्यातल्या अॅरिस्टोलोचिक आम्लाने शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली. पुढे त्यांच्यापैकी अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. त्या स्त्रियांनीही "जडीबुटी आहे, नुकसान नाही करणार" असेच समजून ते घेतले असणार. पुढे २०१७ साली चिनी पाठांच्या चाचण्या कशा लिहाव्यात याचे आंतरराष्ट्रीय नियम आले. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, किती ग्रॅम, शुद्धता कशी तपासली, हे सगळे निबंधात लिहावे असे ते सांगतात.

आपल्याकडे ग्रंथोक्त पाठाप्रमाणे केलेल्या आयुर्वेदिक औषधाला परवान्यासाठी अशी तुलनात्मक चाचणी द्यावीच लागते असे नाही, ग्रंथाचा आधार चालतो. म्हणजे डब्यावर परवाना क्रमांक आहे याचा अर्थ सोनामुखी आणि रिकामी पुडी यांच्याशी स्पर्धा करून ते आले आहे, असा होत नाही. हा आयुर्वेदावर आरोप नाही. उलट आम्हाला वाटते की आपल्या पाठांचीही अशी परीक्षा व्हावी. परीक्षेला बसवले म्हणून चिनी औषधाचा मान कमी झाला नाही, उलट वाढला. आपला हिरडा तरी का मागे राहावा?

आता खिडकीवरची एक गोष्ट, कारण तिच्यामुळे हा विषय निवडला. एक आजी दर महिन्याला हृदयाच्या गोळ्या न्यायला येत. त्यात अंगातले पाणी कमी करणारी गोळीही होती. हळूहळू त्यांना चालताना पायात गोळे येऊ लागले, जीव घाबरा होऊ लागला. डॉक्टरांनी विचारले, "आणखी कोणते औषध घेता?" आजी म्हणाल्या, "काही नाही." पुढच्या खेपेला त्यांच्या सूनबाई पिशवीतून सगळेच घेऊन आल्या. त्यात चूर्णाचा मोठा डबा होता, रोज रात्री दोन चमचे, कित्येक वर्षे. डब्यावर पहिले नाव सोनामुखीचे. पाणी काढणारी गोळी शरीरातले पोटॅशियम घालवते, रोजचे जुलाबही तेच करतात, आणि हृदयाच्या रुग्णाला पोटॅशियम कमी होणे धोक्याचे. रक्त तपासले तेव्हा तेच निघाले. आजी वाचल्या, बऱ्या झाल्या. त्यांना आम्ही विचारले, चूर्णाचे सांगितले का नाही? त्या म्हणाल्या, "अहो, ते औषध थोडंच आहे? ते घरचं आहे."

मंडळी, जे गुण देते ते औषधच आहे, आणि औषध असेल तर त्याला मात्रा असते, मुदत असते, दुसऱ्या गोळ्यांशी भांडणही असते. म्हणून कोणत्याही पुडीला, मग ती चिनी असो, आपली असो की इंग्रजी, तीन प्रश्न विचारा. कशाच्या तुलनेत बरी? किती दिवस घ्यायची? आणि बंद केल्यावर काय होते?

बद्धकोष्ठतेचे कारण कधी कधी चिठ्ठीतच असते. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, रक्तदाबाच्या काही गोळ्या, काही वेदनाशामके यांनी पोट बांधले जाते. तेव्हा वर आणखी चूर्ण ओतण्यापेक्षा डॉक्टरांना गोळी बदलता येते का ते विचारणे शहाणपणाचे. थायरॉइडचेही तेच. साधा उपाय हवा असेल तर आपल्या माळव्यातच नीमचच्या मंडीत पोत्यांनी येतो तो इसबगोल आहे. तो ढोसत नाही, पाणी धरून मल मऊ करतो; मात्र तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा, नाहीतर उलट आतच अडकतो. आणि मलातून रक्त जाणे, वजन उतरणे, रक्त कमी होणे, किंवा पन्नाशीनंतर अचानक सवय बदलणे, यातले काहीही असेल तर चूर्ण, इसबगोल, चिनी पुडी सगळे बाजूला ठेवून आधी तपासणी. लाजेपायी गेलेले महिने परत मिळत नाहीत.

शेवटी एक विनंती. विसर्जनानंतर घर आवरायला काढाल तेव्हा औषधांचा कप्पाही आवरा. चूर्णाचे डबे, काढ्याच्या बाटल्या, कुणी दिलेल्या पुड्या, सगळे एका पिशवीत घाला आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी बरोबर न्या. आजी-आजोबा नेणार नाहीत, तेव्हा सूनबाईंनी आणि नातवंडांनी न्यावी. आमच्या खिडकीवर आणलीत तरी आम्ही डबा फिरवून नावे वाचून देऊ, त्याचे पैसे पडत नाहीत.

 आता आरतीची वेळ झाली. मोदक जरूर खा, वर पाणी प्या, आणि उद्या सकाळी थोडे चाला.

गणपती बाप्पा मोरया!